दारावरची लोळेसर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझं नाव विश्वासराव असूनही माझ्या सख्ख्या भावानं ठेवला नाही. तो होसकोट्याहून बस बदलून मुद्दाम झाड बघायला आला, मान वर करून बघितलं, आणि जाताना म्हणाला, "दादा, तू छापखान्यात खिळे जुळवत होतास तेच बरं होतं. निदान दुसऱ्यांचं खोटं छापायचास."

तरी सांगतो. गेल्या रविवारी माडीवरच्या भाडेकरूंना ही गोष्ट सांगितली तशीच सांगतो, मधे कोण काय बोललं त्यासकट.

आम्ही राहतो मल्लेश्वरमला, एका वठारात. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दोन-दोन खोल्यांची घरं, मधे एक नळ, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. अलीकडे मालकानं वर दोन खोल्या चढवल्या आणि त्या पुण्याहून आलेल्या श्रीरंग-स्मिताला दिल्या. दोघं कॉम्प्युटरवाली. सन दोन हजार उजाडलं की जगातली सगळी यंत्रं बंद पडणार म्हणतात, ती पडू नयेत म्हणून हा श्रीरंग सकाळी आठला घर सोडतो. अजून दहा महिने आहेत त्याच्या हातात.

तर रविवारी संध्याकाळी आम्ही जगलीवर बसलो होतो. दारापुढच्या ओट्याला इथं जगली म्हणतात. स्मिता एका नळीतून हिरवी जेली काढून कोपरांना चोळत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"जेल आहे काका. ॲलो व्हेरा. इथली हवा किती ड्राय आहे, स्किन नुसती ओढते. ह्यानं थंड वाटतं, आणि ओलावा टिकतो."

मी नळी हातात घेतली. त्यावरचं काटेरी पान बघितलं. "अगं, ही तर लोळेसर."

"कोरफड म्हणा, तिला कळेल असं," अंबू म्हणाली. अंबू म्हणजे अंबुबाई, माझी बायको. ती दारात पाय पसरून साडीच्या पदराचे गोंडे बांधत होती. रेशमी साडी मागावरून उतरते तेव्हा पदराच्या टोकाला नुसते दोरे सुटलेले असतात. ते पाच-सहा पदरी घेऊन, पिळून, गाठ मारून त्यांचे गोंडे करायचे. इथं त्याला कुच्चू म्हणतात. लग्न झाल्यापासून अंबू हेच काम करते. एका हातानं आमटी ढवळेल, पण कुच्चूला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे देणार.

"ह्या कोरफडीनं तुझ्या काकूचे हात वाचवले," मी स्मिताला म्हटलं.

"झालं सुरू," अंबू हातातल्या दोऱ्याला म्हणाली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्याण्णव सालचा उन्हाळा. नळाला पाणी येईना म्हणून मालकानं बोअर मारली. त्या बोअरचं पाणी इतकं जड, इतकं जड, की कळशी भरून ठेवली की सकाळी खाली फरशीला खळगा पडलेला असायचा. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. भीमाचार्य म्हणून शेजारी पूजा सांगणारे राहायचे, त्यांनी त्या पाण्यानं शाळिग्रामाला स्नान घातलं तर तो दुसऱ्या दिवशी थोडा मोठा झाला.

"काका," श्रीरंग म्हणाला, "हार्ड वॉटर मी समजू शकतो. पण शाळिग्राम?"

"स्वल्प मोठा," मी म्हटलं. "फार नाही."

हसण्यावारी नेऊ नका. त्या पाण्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं अंबूचे हात फुटले. आधी नखांच्या कडेनं, मग बोटांची पेरं, मग तळवे. चिरा पडल्या, चिरांच्या कडा वर आल्या. हात सुकलेल्या तळ्याच्या तळासारखे झाले. दुसऱ्या कुठल्या बाईनं दुखतंय म्हणून सोसलं असतं. पण हिचं काम रेशमाचं. रेशमाला खरखर चालत नाही. बोटाचं एवढंसं सालपट निघालेलं असलं तरी तंतू त्यात अडकतो, ओढला जातो, आणि पदरावर रेघ उठते. ती रेघ परत बसत नाही.

आणि अक्षय तृतीयेच्या लग्नांच्या साड्या घरात आलेल्या. साडीच्या दुकानाचे व्यंकोजी माणूस चांगला, पण नवरीच्या साडीला रेघ दिसली की त्या बाईकडे पुन्हा गठ्ठा पाठवत नसत. बोलायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसता गठ्ठा यायचा बंद व्हायचा. आमच्याच वठारात, नळापलीकडच्या घरातल्या कस्तुराबाई कुच्चू बांधायच्या आणि आपल्याकडे गठ्ठा कधी वळतोय ते बघत बसायच्या.

"मग व्हॅसलिन लावायचं ना," स्मिता म्हणाली. "किंवा खोबरेल."

"रेशमाला तेलाचा डाग पडला की संपलं," अंबू म्हणाली. "तूप नाही, खोबरेल नाही, मलम नाही. रात्री लावून सकाळी साबणानं हात धुवावेत तर तोच साबण, तेच पाणी."

हे मात्र तिनं अगदी बरोबर सांगितलं. एका दुपारी मी घरी आलो तर ही मोरपंखी साडी मांडीवर घेऊन बसलेली, आणि दोन्ही हात काखेत दाबून धरलेले. मी म्हटलं, थंडी वाजते काय, चैत्रात? तिनं हात काढून दाखवले नाहीत. साडी दाखवली. पदराच्या कडेला करंगळीएवढी रेघ. त्या एका साडीत ती रेघ गोंड्याखाली लपवता आली. पुढच्या साडीत येणार नव्हती.

"कुच्चू सोडून मी काय करणार होते?" अंबू स्मिताकडे न बघता म्हणाली. "मला दुसरं येतच नाही काही. पोळ्याही जाड होतात."

"होतात," मी म्हटलं.

"सांगा तुमची गोष्ट."

आता लोळेसरेकडे येतो. आमच्या दाराच्या चौकटीवर, मधोमध, एक लोळेसर उलटी टांगलेली असायची. मुळं वर, पानं खाली. माती नाही, कुंडी नाही, पाण्याचा थेंब नाही. दृष्ट लागू नये म्हणून टांगतात. इकडे पुष्कळ घरांवर दिसेल. माझी आई सकवारबाई दर वर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आदल्या अमावस्येला हळदकुंकू लावून नवीन झाड टांगायची. जुनं सुकलं असलं तर म्हणायची, बघा, किती दृष्ट ओढून घेतली. हिरवं असलं तर म्हणायची, बघा, किती जोरात आहे.

त्या वर्षीचं झाड मात्र काही और होतं. जमिनीत असतं तर नुसतं वाढलं असतं, उलटं टांगलं म्हणून खवळलं होतं. हवेतला दमटपणा ओढून घ्यायचं. भीमाचार्यांची ओली धोतरं वाळत घातली की त्याच्या जवळच्या टोकाकडून आधी वाळायची. पानं अशी फुगलेली की त्याच्याखालून जाताना कपाळ गार पडे. चौकटीवर एक पाल राहायची, तिची कातडी इतकी मऊ झाली की भिंतीवर तिचे पाय ठरेनात. बिचारी शेवटी फरशीवर राहायला लागली.

स्मिता हसत होती. श्रीरंग म्हणाला, "पालीच्या पायांचं सायन्स वेगळं असतं, काका."

"असेल. ही पाल शिकलेली नव्हती."

तर औषध दारावर लटकतंय आणि हात घरात फुटताहेत. पान कापायचं, गर काढायचा, लावायचा. त्यात तेल नाही. लावलं की मुरतं, वाळतं, रेशमाला डाग नाही. सगळं सरळ.

"मग लावलं का नाही?" स्मितानं विचारलं.

कारण सकवारबाई. माझ्या आईचं नाव घेताना वठारातली माणसं आवाज खाली आणायची. आणि ह्या झाडाच्या बाबतीत ती एकदा सगळ्यांसमोर बोलून बसली होती. वर्षभर आधी कस्तुराबाईंनी नातवाला भाजलं म्हणून एक पान मागितलं. आई म्हणाली, "बाजारातून मलम आण. ह्याला जो हात लावेल त्यानं माझ्या घराला हात लावला. मग ते माझं स्वतःचं माणूस का असेना." भर अंगणात. नळावर आठ बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. तेव्हापासून कस्तुराबाई येता-जाता आमच्या चौकटीकडे बघायच्या. एक पान कमी दिसलं असतं तर त्यांनी वर्षाचं साठवलेलं एका दमात बोलून घेतलं असतं.

"ओके, पण कोरफड दुसरीकडून आणता आली असती," श्रीरंग म्हणाला. "लॉजिकली."

"मागायची कुणाकडे? मागितली की का हवी ते सांगावं लागणार. अंबूचे हात गेले हे नळावर कळलं की जेवणाआधी व्यंकोजींना कळणार. आणि व्यंकोजींना कळलं की गठ्ठा नळापलीकडे."

श्रीरंगनं मान हलवली. त्याच्या कंपनीतही असंच आहे, म्हणाला.

त्या रेघेच्या साडीच्या संध्याकाळी आईनं अंबूच्या हातांकडे एकदा बघितलं. "भात लावलास का?" एवढंच म्हणाली. अंबू म्हणाली, "हो, अत्ते." आमच्यात सासूला अत्ते म्हणतात. मग आई जगलीवर येऊन बसली आणि समोरच्या रिकाम्या अंगणाला सांगायला लागली की आमच्या लहानपणी लोळेसर कापली की पान आधी उभं धरून ठेवायचे, पिवळं कडू पाणी ठिबकून जाऊ द्यायचे, नाहीतर खाज सुटते. मग साल काढून आतला पांढरा गर तेवढा घ्यायचा. आजकालच्या मुलींना काय कळतंय. असं म्हणून उठली आणि आत गेली. मला वाटलं, म्हातारपण.

दुसऱ्या दिवसापासून आई पहाटे देवळात जायला लागली. आधी सणावारी जायची, आता रोज. जाताना दोनदा सांगायची, "मला यायला उशीर होईल हं."

तिसऱ्या पहाटे अंबूनं स्टूल ओढलं. मी अंगणाच्या तोंडाशी दूध आणायची पिशवी घेऊन उभा राहिलो, कोणी आलं तर खोकायचं म्हणून. अंबू स्टुलावर चढली. नमस्कार केला, पुटपुटली, "माफ कर बाई," आणि मागच्या बाजूचं एक पान कापलं. कापल्यावर स्टुलावरच उभी राहिली, घरावर काही कोसळतंय का बघत. काही कोसळलं नाही. खाली उतरली, पान मोरीत उभं करून ठेवलं, पिवळं पाणी जाऊ दिलं, गर काढून हातांना लावला. तोंडावरची रेघन्‌रेघ सैल झाली तिच्या. "गार," म्हणाली. त्या वर्षी मी तिच्या तोंडून ऐकलेला पहिला सुखाचा शब्द तो.

आता ऐका, इथंच लोक मला सोडून जातात.

मला भीती झाडाची. पान कमी झालेलं. उजाडलं की कस्तुराबाई कळशी घेऊन येणार आणि पहिली नजर चौकटीवर. अंबू पाण्याच्या रांगेत गेली. आई देवळातून आली. थोड्या वेळानं कस्तुराबाई आल्या, मान वर केली, आणि नुसत्याच पुढे गेल्या. मी बाहेर येऊन बघतो तर झाड पूर्ण. कापल्याची खूण नाही. पान जिथलं तिथं, तसंच फुगलेलं.

"म्हणजे?" स्मिता म्हणाली.

"म्हणजे परत आलं."

"एका तासात?"

"सांगितलं ना, खवळलेलं झाड होतं."

रोज असंच. पहाटे अंबूनं पान कापावं, ऊन अंगणात यायच्या आत झाडानं ते भरून काढावं. कधी तर कापलं एक आणि आली दोन. एका मंगळवारी त्याला फूल आलं, खाली तोंड करून, आणि मध प्यायला एक चिमणा पक्षी आला तो उलटा लटकून पीत बसला. त्याला नंतर सरळ उडता येईना, रेल्वे लायनीकडे पाठीवर उडत गेला.

"काका, प्लीज," श्रीरंग म्हणाला. पण त्यानं खुर्ची पुढे ओढली होती.

आणि अंबूचे हात बघता बघता बदलले. आधी चिरांच्या कडा खाली बसल्या. मग चिरा मिटल्या. मग कातडीला ओल आली, आतून यावी तशी. पहिल्या दिवशी तिनं रेशमी दोऱ्यावरून अंगठा फिरवला तेव्हा तो अडकला. काही दिवसांनी फिरवला तेव्हा अडकला नाही. तिनं पुन्हा फिरवला. मग डोळे मिटून पूर्ण पदरावर तळवा फिरवला आणि तसाच ठेवून बसली. मी समोर पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, धरला होता.

गठ्ठा वेळेवर गेला. व्यंकोजींची सवय अशी की साडी घेताना बोलत नसत, पदर गालाला लावून बघत. गाल सांगतो, बोटं खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक पदर लावला, दुसरा लावला, नवरीचा लावला. मग आपल्या माणसाला म्हणाले, "अंबक्काला आतला गठ्ठा दे." आतला गठ्ठा म्हणजे लग्नांचा खास जरीचा, तो तोवर वठारात कोणालाच मिळाला नव्हता. अंबू घरी येऊन आधी देवापुढे गेली नाही. दारातच थांबली, मान वर करून झाडाला हात जोडले. आई आत तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "काय गं, तिथं काय?" अंबू म्हणाली, "काही नाही, अत्ते. जळमट दिसलं." आई म्हणाली, "सरी." सरी म्हणजे इकडचं "बरं".

त्या रात्रीपासून अंबू आईचे पाय चेपायला लागली. आईनं तोवर कोणाला पायाला हात लावू दिला नव्हता. त्या वेळी मात्र पाय पुढे केले आणि डोळे मिटून घेतले.

आई जाऊन आता चार वर्षं होतील. झाड मी दर वर्षी टांगतो. दाराबाहेर पडताना अजून कपाळाला हात नेतो. लोक म्हणतात, एवढा काय त्या काट्याच्या झाडाचा गौरव. त्यांना काय सांगणार? ज्यानं आपल्या माणसाचं काम राखलं त्याचे उपकार फेडायचे कसे ते मला अजून कळलेलं नाही. निदान नाव तरी घ्यावं.

"ते सगळं ठीक आहे," स्मिता हळूच म्हणाली. तिनं नळीचं झाकण लावून टाकलं होतं. "पण काका, पान खरंच रोज परत यायचं?"

"रोज."

"माती नसताना? पाणी नसताना?"

"देवाशपथ. माझ्या डोळ्यांदेखत वाढायचं. बारीक कुरकुर आवाज यायचा."

"खोटं," अंबू म्हणाली.

तिनं हातातली गाठ पूर्ण केली, दोरा दातानं तोडला आणि साडी बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत माझ्या गोष्टीच्या मधे तिनं पुष्कळ वेळा तोंड घातलं असेल, साडी कधी बाजूला ठेवली नव्हती.

"एकही पान परत आलं नाही. लोळेसर अशी येत नाही, स्मिता. आणि रोज नाही, दोन-तीन दिवसांनी. अत्ते देवळात जायच्या नाहीत, रेल्वे लायनीकडे जायच्या. तिथं काट्याकुट्यांत ही उगवते. त्या वयात खाली बसून उपटायच्या आणि परडीत घालून वर फुलं पसरून आणायच्या. मी पाण्याच्या रांगेत पहिली, तेव्हा नळावर एकटीच उभी असायचे. नळावरून आमचं दार सरळ दिसतं. जुनं झाड उतरवायच्या, नवं टांगायच्या, पदरानं चौकट पुसायच्या. भर अंगणात जे बोलल्या ते मागे घेता येईना त्यांना, म्हणून. मी त्यांना कधी बोलले नाही, त्यांनी मला कधी बोलू दिलं नाही. उपकार झाडाचे नव्हेत."

मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तुम्ही मला म्हणायचात, मी दूध आणायला जातो. दूध कुठलं. तुम्ही अत्तेंचं स्टूल धरून उभे असायचात."